घामाचा जामीन

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. शहरात सायकलफेरी काढायची म्हटलं की हीच जागा आधी आठवते, कारण तिथे कोणालाही पत्ता विचारत जावं लागत नाही. फेरी लातूरची असो की नांदेडची, पहाटे जमणाऱ्या गर्दीचं रूप मात्र सारखंच. पुढे फलक, मागे पाण्याच्या बाटल्यांची गाडी आणि मधे एकमेकांत अडकलेली हँडलं. गिअरची महागडी सायकल, तिला खेटून दूधवाल्याची काळी दांड्याची सायकल आणि त्यांच्या मागे आठवीतल्या मुलीची, पुढे जाळी लावलेली शाळेची सायकल. एक घंटी वाजते आणि मग साऱ्याच वाजायला लागतात. पहिला किलोमीटरभर कोणालाच धड पायडल मारता येत नाही. एक पाय जमिनीला टेकवत, पुढच्याच्या मडगार्डला चाक घासू नये म्हणून ब्रेक दाबत, रेटत रेटत सरकायचं. फेरीचं कारण कधी कॅन्सरच्या रुग्णांचं असतं, कधी रक्तदानाचं, कधी आईबाप नसलेल्या मुलांच्या शिक्षणाचं. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेणारा माणूस हे सगळं बघतो आणि त्याच्या मनात एक साधा प्रश्न येतो. पैसेच द्यायचे आहेत ना, मग सरळ द्या की. त्यासाठी शे-दीडशे सायकली रस्त्यावर कशाला आणता? प्रश्न रास्त आहे. त्याला ‘तेवढाच व्यायाम होतो’ असं उत्तर देणं म्हणजे प्रश्न टाळणं. व्यायाम एकट्यानेही होतो आणि दानही एकट्याने होतं. ही दोन कामं एकत्र का बांधायची आणि तीही गर्दीत का करायची, याचं उत्तर शोधायला हवं.

या प्रकाराचा मोठा विस्तार परदेशात झाला, म्हणून तिथून सुरुवात करू. लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटनपर्यंत सुमारे ८७ किलोमीटरची सायकलफेरी १९७६ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी साठेक माणसं होती. पुढे ती हृदयरोगावर काम करणाऱ्या संस्थेसाठी निधी गोळा करू लागली आणि सायकलस्वारांची संख्या हजारोंवर गेली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बिली स्टार यांनी १९८० साली ३६ जणांना घेऊन ‘पॅन-मॅस चॅलेंज’ सुरू केली. त्या वर्षी दहा हजार डॉलरच्या आसपास रक्कम जमली. आज तिने डाना-फार्बर या कर्करोग संस्थेसाठी उभारलेला एकूण निधी एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. या सगळ्या फेऱ्यांच्या मुळाशी एक चमत्कारिक करार आहे. मी सायकल चालवतो, तू पैसे दे. शेजाऱ्याला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला, मामेभावाला असं सांगायचं आणि त्यांनी ते ऐकायचं. व्यवहाराच्या हिशेबात हे बसत नाही. माझ्या पायडल मारण्याने रुग्णाच्या औषधात एका गोळीचीही भर पडत नाही. तरी लोक देतात, आणि नुसतं मागितलं असतं तर दिलं असतं त्याहून जास्त देतात. क्रिस्टोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर या अभ्यासकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच तपासलं. एकाच कामासाठी निधी जमवायचा, एकदा सहलीवजा जेवणातून आणि एकदा पाच मैलांच्या दौडीतून. दौडीसाठी लोकांनी जास्त रक्कम द्यायची तयारी दाखवली. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. काम माणसांच्या यातनेशी निगडित असेल तर कष्टाची वाट लोकांना योग्य वाटते. बागबगिच्यासारख्या आनंदाच्या कामासाठी कष्टाची ती ओढ उरत नाही. म्हणजे लोक घाम आंधळेपणाने मोजत नाहीत, घाम कशासाठी गाळला जातोय तेही बघतात.

हा करार मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला इंग्रजी पुस्तक लागत नाही. त्याला जामीन हा शब्द माहीत आहे. पतसंस्थेचं कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात. जामीनदार स्वतःच्या खिशातून रुपया काढत नाही, तो फक्त सही करतो. पण त्या सहीमागे त्याची पत असते, त्याचं गावातलं नाव असतं, आणि वेळ आली तर भरावं लागेल ही तयारी असते. ज्याला कर्ज देणारा ओळखत नाही, त्याच्यासाठी ओळखीचा माणूस मधे उभा राहतो. सायकलफेरीत नेमकं हेच घडतं. ज्याला मदत पोचायची तो रुग्ण देणाऱ्याने पाहिलेला नसतो. जमवणाऱ्या संस्थेबद्दल त्याला खात्री नसते. पण सायकल चालवणारा पुतण्या त्याला माहीत असतो. हा पोरगा एरवी कोपऱ्यावरच्या दुकानालाही मोटारसायकल काढतो, आणि आज पहाटे चारला उठून उन्हातान्हात साठ किलोमीटर जायला निघालाय, तेव्हा त्याला हे काम खरंच पटलेलं दिसतंय, असं काकांना वाटतं आणि पाकीट बाहेर येतं. घाम हा इथे तारण आहे. तो खोटा काढता येत नाही, एवढीच त्याची किंमत. पण घोषणांची सवय झालेल्या आणि त्यातल्या अर्ध्याही हाती न लागलेल्या आपल्या भागात ती किंमत फार मोठी आहे.

आणि ही रीत बाहेरून आलेली नाही. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबला दिवाळीच्या सुमारास तख्त स्नानाचा सोहळा होतो. लहानथोर माणसं गोदावरीचं पाणी घागरींतून आणतात आणि त्या पाण्याने तख्ताचा परिसर धुतला जातो. मोटार लावून नळीने पाणी आणणं आज काही अवघड नाही. काम नुसतं धुण्याचं असतं तर ते तासाभरात उरकलं असतं. पण डोक्याखांद्यावरची घागर, निसरड्या पायऱ्या, ओले कपडे आणि धक्काबुक्की सोसत चालणारी ती रांग काढून टाकली तर मागे फक्त स्वच्छ फरशी उरेल. सेवा हा शब्द तिथे कष्टाला लावतात, रकमेला नाही. बाबा आमट्यांनी १९६७ पासून सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली आणि डिसेंबर १९८५ मध्ये शंभराहून अधिक तरुणतरुणींना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली, ती याच समजुतीवर. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसताही येत नव्हतं. सत्तरी ओलांडलेला हा माणूस गाडीत आडवा पडून त्या मुलांबरोबर गेला. पैसा गोळा करणं हा त्या यात्रेचा हेतू नव्हता. पंजाब पेटलेला असताना देश एक आहे हे भाषणात सांगण्यापेक्षा पायडल मारून सांगावं, एवढंच त्यात होतं. अलीकडे पानी फाउंडेशनच्या १ मेच्या महाश्रमदानात शहरातली माणसं गावच्या शिवारात कुदळ-फावडं घेऊन उतरली. त्यांनी खणलेली माती जेसीबीने एका फेरीत उचलली असती. तरीही गावकऱ्यांनी त्यांची वाट बघितली, कारण आपल्या पाण्यासाठी पुण्यामुंबईचा माणूस हाताला फोड आणून घेतो, हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

आता गर्दीकडे येतो, कारण जामिनाची गोष्ट एका माणसाने भागली असती. गर्दी हीच अशा फेरीतली सर्वांत मोठी तक्रार असते. सरावलेल्या सायकलस्वाराला तिचा त्रास होतो. त्याला वेग घेता येत नाही, नवखे मधेच थांबतात, वळताना हात दाखवत नाहीत. लंडन-ब्रायटनच्या वाटेवर शेवटाकडे डिचलिंग बीकन नावाचा खडा चढ आहे. ज्यांच्या पायात चढायची ताकद आहे त्यांनाही तिथे गर्दीमुळे उतरून सायकल हातात धरून चालावं लागतं. पण ज्यांना वेग हवा त्यांच्यासाठी शर्यती आहेत. ही गर्दी वेगळं काम करते, आणि ते पुदुकोट्टईत सर्वांत स्पष्ट दिसलं. तमिळनाडूच्या त्या मागास जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत, शीला राणी चुंकत जिल्हाधिकारी असताना, ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. १९९२ मध्ये दीड हजारांहून अधिक स्त्रिया सायकलींवर एकत्र रस्त्यावर आल्या. एकटी बाई सायकलवर निघाली की ती गावाच्या चर्चेचा विषय होते, आणि दीड हजार निघाल्या की ती रहदारी होते. टोमणे मारणाऱ्याचं तोंड संख्येने बंद केलं. बिहारचा पुरावा याच दिशेने जातो. तिथे २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात त्या योजनेमुळे माध्यमिक शाळेतली मुलींची वयानुरूप पटसंख्या ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. नुसते पैसे घरी पोचले असते तर एवढा बदल झाला नसता, असं मानायला त्यांच्या मते एक कारण होतं: मुलींचा घोळका एकाच वेळी सायकलने शाळेला निघतो तेव्हा रस्ता सुरक्षित होतो आणि बापाची भीती कमी होते. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर सकाळी दहाच्या सुमारास दोन वेण्या, निळा-पांढरा गणवेश आणि गप्पा मारत जोडीजोडीने चाललेल्या सायकली दिसतात. त्या मुली रोज जी फेरी काढतात तिला कोणी फेरी म्हणत नाही, एवढाच फरक. रविवारच्या फेरीतली गर्दी त्यांच्या सायकलीला मान मिळवून देते. डॉक्टर, प्राध्यापक, आडत दुकानदार त्याच वाहनावर, त्याच रस्त्यावर, त्यांच्याइतक्याच सावकाश जाताना दिसले की सायकल ही परवडत नाही म्हणून वापरायची वस्तू राहत नाही. हा परिणाम एकटा दानशूर माणूस चेक लिहून घडवू शकत नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र खरोखर भारी आहे आणि त्याला गोड बोलून वाटेला लावता येणार नाही. टी-शर्ट, पदकं, मंडप, ध्वनिक्षेपक, नाश्ता, फलक, शूटिंग, एवढं सगळं झाल्यावर रुग्णाच्या वाट्याला काय उरतं? अमेरिकेत याच प्रश्नावर एक मोठी चळवळ फुटली. कॅलिफोर्नियात एड्सच्या रुग्णांसाठी १९९४ पासून निघणारी सायकलयात्रा एक खासगी कंपनी चालवत असे. तिच्या खर्चावरून इतका वाद झाला की सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या दोन संस्थांनी २००२ साली आपली वेगळी यात्रा काढली. उलट पॅन-मॅस चॅलेंजमध्ये सायकलस्वाराने जमवलेला प्रत्येक डॉलर थेट संस्थेकडे जातो, आणि आयोजनाचा खर्च पुरस्कर्ते व नोंदणीशुल्क यांतून भागवला जातो. म्हणजे दोष फेरीचा नाही, हिशेबाचा आहे, आणि हिशेब ठेवण्याची पद्धत शिकता येते. नांदेड-लातूरच्या फेऱ्यांना एवढं तर सहज जमेल: टी-शर्ट नकोत, ज्याने त्याने घरचा सदरा घालावा, आणि संध्याकाळपर्यंत जमा व खर्चाचा कागद त्याच चौकात चिकटवावा. जामीनदाराच्या सहीला अर्थ हवा असेल तर पतसंस्थेची वही उघडी असली पाहिजे.

याहून मोठा आक्षेप असा की खऱ्या गरजा अशा फेऱ्यांनी भागतच नाहीत. त्या सरकारी यंत्रणेनेच भागतात. लातूरने हे स्वतः अनुभवलं आहे. २०१६ च्या दुष्काळात, मार्चमध्ये, पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन मारामाऱ्या नकोत म्हणून जमावबंदी लावावी लागली. मग कोटा शहरातल्या कारखान्यात धुऊन काढलेल्या टाक्यांची रेल्वे मिरजेला भरली गेली आणि १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली. सायकलस्वारांची कितीही मोठी फेरी हे काम करू शकत नाही आणि करू शकते असं कोणी म्हणत असेल तर तो लोकांना फसवतो आहे. पण त्याच उन्हाळ्यात टँकरपासून घरापर्यंतची शेवटची शंभर-दोनशे पावलं कोणी तोडली, हेही आठवून बघावं. सायकलीच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दोरीने बांधलेल्या प्लास्टिकच्या घागरी, दांड्याला अडकवलेला कॅन, आणि बसायला जागाच न उरल्यामुळे हँडल धरून चालत निघालेली बाई किंवा पोरगा. रेल्वेने मिरज ते लातूर अंतर कापलं, आणि गल्लीतलं अंतर या सायकलींनी. सरकार आणि माणसं यांतली एक बाजू दुसरीला फालतू ठरवत नाही. फेरीने सरकारची जागा घेऊ नये; पण जिथे सरकारची गाडी पोचत नाही ते अंतर कोणतं, एवढं शोधण्याचं काम फेरीचं नक्कीच आहे.

रहदारीबद्दल म्हणाल तर ती काळजी रास्त आहे, आणि तिथे थोडा कडकपणा हवा. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला येणारा रस्ता आता ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. ऊस, सोयाबीन आणि सिमेंटच्या अवजड गाड्या तिथून धावतात. पाचशे नवखे सायकलस्वार तिथे सोडणं हा पुण्याच्या नावाखाली केलेला निष्काळजीपणा ठरेल. गावांना जोडणारे जुने रस्ते आहेत, ते घ्यावेत. आणि शिस्त शिकायला परदेशी पाहुणे बोलवायची गरज नाही. आळंदीच्या पालखीत लाखो माणसं चालतात. रथापुढच्या आणि मागच्या प्रत्येक दिंडीला क्रमांक आणि जागा ठरलेली असते. संध्याकाळच्या समाजआरतीला चोपदाराने चोप उंचावला की सारा समाज शांत होतो, आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, तिचं म्हणणं ऐकलं जाईपर्यंत. एवढ्या प्रचंड गर्दीत एका दिंडीची तक्रार ऐकली जाते, ही सोय ज्या समाजाने शोधली त्याला शंभर-दोनशे सायकलींची रांग लावणं जड जाऊ नये.

सर्वांत अवघड आक्षेप दिखाऊपणाचा. तो मी शेवटी ठेवला, कारण त्याने माझा सगळा युक्तिवाद मोडू शकतो. घाम खोटा काढता येत नाही असं वर म्हटलं, पण घामाचा फोटो काढता येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गावंच्या गावं मातीत गेली आणि हजारो माणसं झोपेतच मेली. त्या दिवसांत किल्लारी-सास्तूरच्या रस्त्यांवर दोन गर्द्या होत्या. एक मदतीला आलेली, एक बघायला आलेली. दुरून दोन्ही सारख्याच दिसल्या असतील, दोघींच्याही गाड्यांनी तीच धूळ उडवली असेल. फरक पुढच्या महिन्यांत कळला. भारतीय जैन संघटनेचे शांतीलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त गावांतल्या बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं, आणि त्या मुलांचा भार वर्षानुवर्षं उचलला. जामीनदाराची पारख कर्ज देण्याच्या दिवशी होत नाही, हप्ता थकतो त्या दिवशी होते. मग सायकलफेरीचा हप्ता कोणता, हे ती काढणाऱ्यांनी आधीच ठरवलं पाहिजे. ज्या फेरीचा रविवारनंतरचा सोमवार ठरलेला नाही, तिच्यावर दिखाऊपणाचा आरोप मला मान्य आहे, आणि तिच्या बाजूने बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत.

मराठवाड्यात तो हप्ता शोधायला फार लांब जायला नको. मुलीला सायकल मिळते, पण सायकल ही नांगरासारखी वस्तू, दुरुस्ती मागते. बाभळीचा काटा, उन्हाने फुगलेली ट्यूब, घासून गेलेले ब्रेकचे रबर. खेड्यात मोटारसायकली वाढल्या तसं सायकलवाल्याचं दुकान मोटारसायकलवाल्याचं झालं. पंक्चर काढायला तालुक्याला जावं लागतं, आणि तालुक्याला न्यायची तर सायकल पंक्चर. मग ती भिंतीला टेकते, तिच्यावर वाळत घातलेले कपडे येतात आणि मुलगी पुन्हा चालत निघते किंवा निघतच नाही. फेरीतल्या दर वीस सायकलस्वारांनी एक शाळा घेतली आणि महिन्यातून एका शनिवारी तिथे गेले, तर त्यासाठी लागणारं सामान एका पिशवीत मावतं. हवेचा पंप, दोन पान्हे, टायर काढायच्या पट्ट्या, पॉलिश पेपर, सोल्युशन, रबराचे तुकडे आणि शाळेतलंच एक घमेलं. ट्यूब बाहेर काढून थोडी हवा भरायची, घमेल्यातल्या पाण्यात हाताहाताने सरकवत न्यायची. भोवती मुली वाकून बघत असतात, कारण पुढच्या वेळी त्यांनाच करायचं आहे. पाण्यात कुठे तरी बारीक बुडबुड्यांची माळ वर येते, कोणी तरी ‘इथं, इथं’ म्हणून ओरडतं, आणि त्या जागेवर एक बोट घट्ट दाबून ठेवलं जातं.